दोन रेघांच्या खाली

माझ्या ईमेल वाचून ऑफिसातली पोरं हसतात. ओळ अर्ध्यावर आली की मी एंटर मारतो, त्यामुळे माझा मजकूर स्क्रीनच्या डाव्या कडेला चिकटून बसतो आणि उजवी बाजू रिकामी राहते. परवा मुलगीही म्हणाली, "बाबा, व्हाय डू यू प्रेस एंटर सो मच?" मी म्हटलं, सवय. ती म्हणाली, "वियर्ड." खलास, विषय संपला. ही सवय कुठून लागली ते तिला सांगायला बसलो तर अर्धा दिवस जाईल, आणि त्यातला शेवटचा भाग सांगायची मला लाज वाटते. म्हणून लिहून काढतो.

चोविसाव्या वर्षी मी दुबईत आलो तो एका कार्गो कंपनीच्या कॉम्प्युटर विभागात. अल मनखूलला एका फ्लॅटमध्ये आम्ही चार बॅचलर राहायचो. इंटरनेट हा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता. पण मागच्याच गल्लीत एक मराठी जोडपं, ज्यांना आम्ही काका-काकू म्हणायचो, बोर्ड चालवायचं. बोर्ड म्हणजे त्यांच्या हॉलमध्ये एक कॉम्प्युटर, त्याला मोडेम, आणि मोडेमला घरचा टेलिफोन. आपण आपल्या मोडेमवरून त्यांचा नंबर लावायचा, शिट्ट्या आणि खरखर ऐकायची, आणि जोडणी झाली की लोकांनी लिहून ठेवलेले निरोप आपल्या स्क्रीनवर वाचायचे, आपला एक लिहायचा आणि फोन ठेवायचा. लाइन एकच, म्हणून एका वेळी माणूसही एकच. आत कुणी असला की एंगेज टोन. शहरातल्या शहरात फोन फुकट होता, म्हणून हे सगळं चाललं.

त्या मशीनना देवनागरी येत नव्हती. आम्ही रोमन अक्षरांत मराठी लिहायचो, ज्याला जसं सुचेल तसं. इंडियाला कोण चाललंय आणि पार्सल नेईल का, कुणाच्या फ्लॅटमध्ये जागा आहे, आमसुलं कुठल्या दुकानात मिळतात, मुलांना मराठी शिकवायचं की नाही, असले विषय. शेवटच्या विषयावर दोन महिने भांडण चाललं आणि मी त्यात हिरिरीने भाग घेतला होता. माझी मुलगी आज मला इंग्रजीत उत्तर देते, त्यामुळे त्या भांडणात मी काय काय बोललो ते आठवायला नको वाटतं.

बोर्डाचा प्रोग्रॅम काकांनी लिहिलेला होता. काका अबुधाबीच्या किनाऱ्यापासून आत समुद्रात, तेल कंपनीच्या एका बेटावर इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर होते. चार आठवडे बेटावर, दोन आठवडे घरी. ते चार आठवडे काकू लहान मुलाला घेऊन एकट्या. त्यांना सोबत व्हावी म्हणून काकांनी बोर्ड काढला असं लोक म्हणायचे. खरं खोटं माहीत नाही, पण बोर्डाची मालकीण काकूच होत्या. लग्नाआधी त्या बँकेत टायपिस्ट होत्या. निरोप त्या तपासायच्या, चुकीच्या जागी टाकलेला उचलून नीट जागी ठेवायच्या, आणि भांडण फार वाढलं की दोन ओळींत गप्प करायच्या.

त्यांचा एक नियम होता. एका ओळीत अडतीस अक्षरं. एकोणचाळिसावं नाही.

आमच्या सगळ्यांच्या स्क्रीनवर ऐंशी अक्षरं मावायची. मग अडतीस कशाला? मला पहिल्याच आठवड्यात हे खटकलं, आणि मी तेव्हा स्वतःला फार शहाणा समजायचो. इंडियाला जाणाऱ्यांची एक यादी मी करून टाकली. नाव, तारीख, गाव, किती किलो नेणार, सगळं उभ्या रकान्यांत, टॅब मारून सरळ रेषेत, पूर्ण ऐंशी अक्षरं रुंद. माझ्या स्क्रीनवर ती इतकी देखणी दिसत होती की मी रूममेटला उठवून दाखवली. दुसऱ्या दिवशी बघतो तर यादी गायब. तिच्या जागी काकूंनी स्वतः टाइप केलेली, एका माणसाला चार ओळी, अरुंद आणि लांबलचक. खाली लिहिलं होतं की तुमची यादी बेटावर वाचता येत नाही, म्हणून बदलली.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी लिहिलं की एका माणसासाठी पन्नास जणांनी अंग चोरून का लिहायचं, त्या माणसाला मोठा स्क्रीन घेऊन द्या. हे मी बोर्डावर, सगळ्यांसमोर लिहिलं. काकूंनी उत्तर दिलं नाही. काका पुढच्या सुट्टीला आले तेव्हा त्यांचा फोन आला, की शुक्रवारी घरी ये, तुला एक मशीन दाखवायचंय.

मशीन जाडजूड वहीएवढं होतं. वर एक राखाडी पट्टी, तीच स्क्रीन. आठ ओळी, एका ओळीत चाळीस अक्षरं. बेटावर सामान किती न्यायचं त्यावर बंधन होतं आणि हे बॅगेत मावायचं. ड्यूटी संपली की कंपनी त्यांना ऑफिसचा फोन दहा मिनिटं देत असे. त्या दहा मिनिटांत अत्यंत धिम्या मोडेमवर जेवढं येईल तेवढं उतरवून घ्यायचं आणि आपलं पाठवायचं. काकांनी मला माझीच यादी त्या पट्टीवर दाखवली, जपून ठेवली होती त्यांनी. चाळिसाव्या अक्षराला प्रत्येक ओळ मोडलेली. नाव एकाचं, किलो दुसऱ्याचे, तारीख अधांतरी. माझ्या टॅबच्या रिकाम्या जागाच दोन मिनिटं खात होत्या. काका चिडले नव्हते, उलट हसत होते. म्हणाले, तुझ्या यादीप्रमाणे एक बाई चौदा तारखेला एकशेचाळीस किलो घेऊन रत्नागिरीला चालल्यात. मला हसू आलं नाही. तोंडात मारल्यासारखं झालं.

त्या दिवसापासून मी अडतीसवाला झालो, तो आजतागायत. माणसाने नवा धर्म घेतला की तो जास्त कडवा होतो, तसं माझं झालं. कुणाची ओळ लांब गेली की काकूंच्या आधी मीच झापायचो.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. जगभरच्या असल्या नेटवर्कांवर एक पद्धत होती. निरोप संपला की नव्या ओळीवर दोन आडव्या रेघा मारायच्या, आणि त्यांच्या खाली आपलं नाव, नोकरी, एखादं वचन, काय हवं ते. त्याला सही म्हणायचे. शहाण्या माणसाने सही चार ओळींची ठेवावी असा संकेत होता, पण शहाणी माणसं आमच्यात कमी. एकाने सहीत अक्षरांचं जहाज काढलं होतं, शिडासकट. हे जहाज रोज बेटावर जायचं आणि काकांची मिनिटं खायचं. शेवटी काकांनी प्रोग्रॅम बदलला. दोन रेघांच्या खालचं काहीही वाचणाऱ्याला पाठवायचंच नाही. ते फक्त काकूंच्या मशीनमध्ये, मूळ फायलीत पडून राहील. थोडी कुरकुर झाली, मग लोक विसरले. मी तर म्हटलं बरं झालं, सही म्हणजे कचरा.

पुढे इंटरनेट आलं, बोर्ड बंद पडला, माझं लग्न झालं, मीही अल मनखूलमध्येच फॅमिली फ्लॅट घेतला. काका रिटायर झाले आणि मुलाकडे उम्म अल कुवैनला राहायला गेले. येणं जाणं सणावारी. गेल्या वर्षी काका वारले.

त्यानंतर चार महिन्यांनी काकूंचा फोन आला. त्या फोनवर कधी लांबण लावत नाहीत. म्हणाल्या, जुनं मशीन माळ्यावर आहे, त्यातलं काकांचं लिखाण काढता येईल का? मी म्हटलं, बघतो, इन्शाल्ला निघेल. मग त्या म्हणाल्या की उजव्या डोळ्याने आता दिसत नाही. डाव्यात इंजेक्शनं चालू आहेत. मधोमध धूसर गोळा दिसतो आणि तो वाढतोय. नजर किती महिने टिकेल ते डॉक्टर सांगत नाही, पण लवकर वाचायचं ते वाचून घ्या म्हणाला.

रविवारी मी गेलो. शारजाच्या ट्रॅफिकमध्ये तासभर सडलो, पुढे रस्ता मोकळा. मशीनवर काकूंनी जुनी सुती साडी घालून ठेवली होती. मी विचारलं, काका असताना कधी काढलं नाहीत का हे? म्हणाल्या, "माणूस घरात होता, त्याचं लिहिलेलं कशाला वाचू?"

मुलगा किंवा सून वाचून दाखवतील असं मी सुचवलं. त्यांनी नुसती नकारार्थी मान हलवली. टॅबलेटचा आवाज वाचेल म्हटलं आणि तिथल्या तिथे एक जुनं वाक्य रोमनमध्ये टाइप करून ऐकवलं. आतल्या इंग्रजी माणसाने आमच्या मराठीची अशी काही वाट लावली की काकू खूप दिवसांनी हसल्या असाव्यात. मग हसू आवरून म्हणाल्या, "मला माझ्या डोळ्यांनी वाचायचंय. आणि हे बघ, तू फक्त काढून दे. वाचू नकोस."

मी शब्द दिला. शब्द पाळलाही, हीच तर पंचाईत झाली.

बर दुबईच्या कॉम्प्युटर गल्लीत एका दुकानात अजून जुन्या डिस्क वाचणारं यंत्र आहे. दोन दिवसांत फाइल हातात आली, एकही अक्षर खराब न होता. आता प्रश्न वाचण्याचा. काकूंना टॅबलेटवर इतकी मोठी अक्षरं लागायची की एका ओळीत दहाबाराच मावत. आणि मजकूर तर अडतिसाव्या अक्षराला एंटर मारून मोडलेला. म्हणजे तीन भरलेल्या ओळी, मग दोनच शब्दांची एक, पुन्हा तीन भरलेल्या. ज्या माणसाची नजर ओळ धरून ठेवतानाच दमते, त्याला हे छळच. म्हणून मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. काकांचे निरोप वेगळे काढायचे, मधले एंटर काढून ओळी जोडायच्या, म्हणजे टॅबलेट स्वतः हव्या तिथे मोडेल. तारखा वर मोठ्या अक्षरांत. आणि असला प्रोग्रॅम लिहिताना हात जे आपोआप करतो ते माझ्या हाताने केलं. दोन रेघा आल्या की त्याखालचं कापून टाकायचं. सही म्हणजे कचरा. तीस वर्षं मी जुन्या मेल साफ करताना हेच करत आलोय.

फाइल जवळजवळ एक तृतीयांशाने कमी झाली. मी आपलीच पाठ थोपटली, की काकूंचं तेवढं वाचन वाचवलं. सही इतकी जागा कशी खाते असा प्रश्न पडायला हवा होता. पण प्रश्न पडायला आत डोकावावं लागतं आणि मी तर न वाचण्याचा शब्द दिलेला. फाइल टॅबलेटवर घालून मी उम्म अल कुवैनला देऊन आलो.

काकू रोज वाचायच्या. सकाळी दहा ते साडेदहा, खिडकीजवळ, उजेड असताना. त्यापुढे डोळा काम करत नसे. मी दर रविवारी फोन करून विचारायचो, येतंय ना वाचता? येतंय म्हणायच्या. काय वाचलं ते सांगायच्या. बेटावरच्या पंपाचं काहीतरी. मोडेमची केबल कशी जोडायची ते. मराठी शिकवण्याच्या भांडणात काकांनी घातलेली समजूत. मी खूश. पाच आठवडे असे गेले. त्या पाच आठवड्यांत डोळ्यासमोरचा गोळा मोठा झाला.

सहाव्या रविवारी मी प्रत्यक्ष गेलो होतो. सून चहा ठेवायला आत गेली तेव्हा काकूंनी टॅबलेट मांडीवर उलटा ठेवला आणि हळूच विचारलं, "त्या दोन रेघांच्या खाली काही नसतं का रे?"

मी म्हणालो, सह्या असतात काकू, त्या मी काढून टाकल्या.

पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. आणि मला कळलं. सगळं एकदम नाही, एकेक करून. बोर्डावर खासगी निरोपाची सोय नव्हती, काकांनी ठेवलीच नव्हती. बेटावरच्या टेलिफोनपाशी मागे दहा माणसं रांगेत उभी असायची. आणि रेघांच्या खालचं कुणालाच दिसत नव्हतं. फक्त काकूंच्या मशीनला दिसत होतं. तो नियम करणारा माणूस कोण होता?

मी विचारलं, काका तिथे लिहायचे का? काकूंनी होकार दिला, तोही भिंतीकडे बघत.

मग मी जे विचारलं ते विचारायला नको होतं. म्हटलं, पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत? त्या म्हणाल्या, "सांगितलं असतं म्हणजे झालंच की सांगून. मला वाटलं, असेल पुढे. रोज वाटायचं, उद्याच्यात असेल. मग वाटलं, डिस्कमधून गेलं असेल."

पाच आठवडे. रोजचा अर्धा तास उरलेली नजर, आणि ती मी पंपाच्या व्हॉल्व्हवर खर्च करायला लावली होती. परतताना गाडीत मी स्वतःला ज्या शिव्या दिल्या त्या लिहीत नाही. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती माझी बाजू घेईल अशी आशा होती. ती म्हणाली, "त्यांनी वाचू नको म्हटलं होतं. डोकं चालवू नको असं कुठे म्हटलं होतं?" आणि भाजी चिरायला लागली. नंतर मात्र तिनेच विचारलं, की मूळ फाइल आहे ना अजून? मूळ फाइल होती. नशिबाने तेवढी अक्कल शाबूत होती.

त्याच संध्याकाळी मी प्रोग्रॅम उलटा केला. वरचं टाकायचं, रेघांखालचं ठेवायचं. वाचलं नाही. मशीनने नुसता आकडा सांगितला, एकशे अठ्ठ्याऐंशी निरोप. पण आता टॅबलेट कामाचा नव्हता. अक्षरं कितीही मोठी केली तरी मधोमध आलं की गोळ्यात बुडायचं. काकू मान तिरकी करून कडेने बघायच्या, कडेचं थोडं दिसायचं.

मी त्यांना टीव्हीला जोडायचा एक छोटा कॉम्प्युटर तयार करून दिला. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एका वेळी एकच शब्द, हाताएवढा मोठा, तोही मधोमध नाही, उजव्या कोपऱ्यात वर, कारण तिथे त्यांना सगळ्यात बरं दिसत होतं. कीबोर्डची मोठी पट्टी दाबली की पुढचा शब्द. कुठला कोपरा बरा ते ठरवायला एक अख्खा रविवार गेला. तपासायला मी साखर, चप्पल, गच्ची असले माझेच शब्द घातले होते. काकू तिरकी मान करून एकेक शब्द ओळखायच्या आणि मी कॉम्प्युटरवर जागा सरकवायचो. ऐंशी अक्षरांच्या स्क्रीनचा मला एकेकाळी केवढा माज होता ते त्या दिवशी फार आठवलं. काकू तोंडाने काही लागट बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मुलगा कामावर आणि सून बाहेर गेली की त्या दार लावून टीव्हीसमोर बसायच्या. किती वाचलं ते सांगायच्या, काय वाचलं ते कधीच नाही. पहिल्या दिवशी दोन झाले. मग दिवसाला तीन, चार. एका फोनवर आवाज इतका हलका होता की मला कळेना ह्या काकूच ना? म्हणाल्या, त्रेसष्ट झाले. मी हबीबी, लाडक्या वगैरे कुणाला म्हणत नाही, पण त्या दिवशी ऑफिसातल्या इजिप्शियन अकाउंटंटला म्हटलं आणि तो दचकला.

त्याच आठवड्यात डोळ्यात आत रक्त उतरलं. दवाखान्यात दोनदा नेलं. दुसऱ्यांदा आणलं तेव्हा कोपराही गेला होता. उजेड कळतो, माणूस समोर आला की सावली कळते, शब्द नाही.

मी भेटायला गेलो. काय बोलायचं ते रस्ताभर ठरवत होतो आणि काही ठरलं नव्हतं. काकू खिडकीशी बसल्या होत्या, सकाळी दहाची वेळ, रोजचीच. मी माफी मागायला सुरुवात केली. त्यांनी हात वर करून थांबवलं.

"किती राहिलेत?"

मी म्हटलं, एकशे पंचवीस.

"मुलाला सांगू शकत नाही. आईबापाचं असलं मुलाने वाचायचं नसतं. सून चांगली आहे, पण तिच्यासमोर मला उद्या चहा प्यायचाय." मग माझ्याकडे वळल्या. "तू कापलंस ना? मग तूच वाच."

मी म्हटलं, काकू, मला नाही जमणार. खरंच तसं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "मला तरी कुठे जमणार आहे? दार लाव."

दार लावून मी लॅपटॉप उघडला. जोडलेल्या ओळींची नाही, मूळ फाइल, काकांनी पाठवली तशी. चौसष्टावा काढला आणि वाचायला लागलो. ऑफिसात रिपोर्ट वाचतो तसा, सपाट आवाजात, भरभर, म्हणजे अर्थ माझ्या अंगावर येऊ नये. दोनच ओळी झाल्या असतील.

"असं नको," काकू म्हणाल्या. "त्याची ओळ जिथे संपते तिथे थांब. मी तशीच वाचायचे."

पुन्हा पहिल्यापासून घेतलं. रोमनमध्ये होतं ते देवनागरीत देतो. द्यायला काकूंची परवानगी आहे, एवढ्या एकाचीच.

आज वारा फार आहे.
हेलिकॉप्टर येत नाही.
माझी सुट्टी दहा दिवस
पुढे गेली असं समज.
फोनवर सांगितलं असतं
पण मागे लोक उभे आहेत
आणि तुझा आवाज ऐकला
की मला रडू येतं.

इथे मला थांबावं लागलं. ओळ संपली होती म्हणून नाही. काकांना मी हसताना पाहिलं होतं, कुणाची तरी समजूत घालताना पाहिलं होतं. ह्या माणसाने राखाडी पट्टीवर हे टाइप केलं होतं, दहा मिनिटांतली मिनिटं मोजून, आणि त्याच्या वर आम्हा सगळ्यांसाठी केबल कशी जोडायची ते लिहिलं होतं. मी पाणी प्यायलो. काकू वाट बघत होत्या. चेहरा खिडकीकडे, हात मांडीवर.

इथे लिहिलं की कुणाला
दिसत नाही. तू वाच
आणि दहा दिवस मोज.
मीही मोजतो.

संपलं, मी म्हटलं.

बाहेर सुनेची गाडी लागल्याचा आवाज आला आणि मी लॅपटॉप मिटायला लागलो. काकूंनी चाचपडत माझं मनगट धरलं.

"दहा नाही," त्या म्हणाल्या. "अकरा लागले. पुढचं वाच."